शिकारीची तयारी आणि राखणीची तयारी



मार्गशीर्ष-पौषात आमच्या हट्ट्याच्या शिवारात आलात, तर रात्री जागोजागी बॅटरीचा उजेड हलताना दिसेल. हरभरा घाट्यावर आलेला असतो, तूर काढणीला टेकलेली असते, ज्वारी पोटऱ्यात असते. दिवसभर राबलेला माणूस जेवण करून पुन्हा आखाड्यावर जातो. कारण अंधार पडला की उसातून रानडुकरं निघतात आणि माळावरून रोही उतरतात. रोही म्हणजे नीलगाय. या राखणीला आमच्याकडे जागल म्हणतात. एका रात्रीची जागल चुकली, तर सकाळी हरभऱ्याचं वावर तुडवलेलं, ओरबाडलेलं सापडतं.

याच दिवसांत गावोगाव एक बोलणं निघतं. ‘किती दिवस नुसतं हाकलायचं? पट्टी काढू, परवानगी काढू, बंदूकवाला बोलवू आणि एकदाचं मिटवून टाकू.’ पट्टी मागायला लोक दुकानावर येतात आणि आपल्या जैन घरांची पंचाईत होते. शेत आपलंही असतं, नुकसान आपलंही होतं, पण मारण्याला हात धजत नाही. मग कोणीतरी मधला रस्ता काढतं, ‘आम्ही मारायला येणार नाही, पण वर्गणी घेऊन जा.’

आज मला या मधल्या रस्त्याबद्दल लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगते. हा मधला रस्ता आपल्या धर्मात नाही. पण वर्गणी नाकारून घरी येऊन गोधडीत झोपणं, हाही धर्म नाही.

हा विषय या वर्षी जास्तच डोक्यात बसला, त्याला अजून एक निमित्त झालं. माझा एक भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात नोकरीला आहे. त्याच्यासोबत काम करणारे काही जण धनुष्यबाणाने एल्कची शिकार करतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर सहज भरतो. धनुष्याच्या शिकारीचा मुख्य हंगाम तिकडे सप्टेंबरात असतो, पण काही भागांत नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीतही पुन्हा परवानगी मिळते. त्या उशिराच्या हंगामासाठी ही मंडळी महिनोन्‌महिने तयारी करतात. भाच्याने मला ती सगळी फोनवर सांगितली आणि मीही ती नीट ऐकून घेतली. ज्या गोष्टीला आपण वाईट म्हणतो, ती निदान नीट माहीत तरी असावी.

त्यांचं धनुष्य आपल्या रामायणातल्या चित्रासारखं नसतं. त्याला दोन टोकांना कप्प्या असतात, म्हणजे दोरी पूर्ण ओढून धरली तरी हातावर कमी ताण येतो. दोरीला मेण लावतात, तिचा एखादा धागा विरलाय का ते बघतात. प्रत्येक बाण वजन करून जोडीला जोड लावतात. बाणाचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार असतं. ते बसवल्यावर बाण तसाच सरळ जातो का, हे पुन्हा पुन्हा मारून बघतात. थंडीत जाड कोट घालावा लागतो आणि सुटलेली दोरी बाहीला घासली की नेम चुकतो. म्हणून कोट घालूनच सराव करतात, उभ्याने, गुडघ्यावर बसून, उतारावरून.

त्याहून मोठं काम पाळतीचं. कळप कुठे चरतो, कुठे बसतो आणि या दोन जागांमधली त्याची वाट कोणती, हे आधी शोधायचं. बर्फावरचे खुरांचे ठसे, ताज्या लेंड्या, सोललेली झाडाची साल, सगळं वाचायचं. सप्टेंबरातल्या माजाने नर थकलेले असतात. थंडी वाढली की चाऱ्यासाठी कळप डोंगरावरून खाली येतो. दक्षिणेकडच्या उतारावर ऊन लागून बर्फ आधी वितळतं आणि खालचं गवत उघडं पडतं, म्हणून तिकडे दुर्बीण लावून बसायचं. झाडाला कॅमेरे बांधायचे. वारा कुठून कुठे वाहतो ते चिमूटभर भुकटी उडवून बघायचं, कारण माणसाचा वास गेला की कळप गेला. एवढं करून त्या जनावराच्या तीस-चाळीस मीटरपर्यंत पोचायचं. आणि बाण लागल्यावर लगेच धावायचं नाही. अर्धा तास, कधी काही तास तिथेच थांबायचं, म्हणजे जखमी जनावर घाबरून दूर न पळता जवळच कुठेतरी बसेल. मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढत जायचं.

हे ऐकताना त्या थांबण्याचंच मला जास्त वाटलं. इकडे माणूस घड्याळाकडे बघत बसलाय, तिकडे झाडीत एक जीव जातोय.

भाच्याचा प्रश्न सरळ होता. ‘मावशी, त्यांनी मला फक्त पाळतीला बोलावलंय. दुर्बिणीतून डोंगर बघायचा, कळप दिसला की जागा सांगायची. मारणार ते. मी काही मांस खाणार नाही. मग मला कसलं पाप?’

म्हणजे सात समुद्रांपलीकडचा हा प्रश्न आणि आमच्या दुकानावरचा वर्गणीचा प्रश्न एकच आहे. ‘मारणार ते, मी फक्त...’ या ‘फक्त’चं काय करायचं?

आपल्या आचार्यांनी या ‘फक्त’चा हिशोब फार बारकाईने लावून ठेवला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कर्म कसं येतं याची मोजणी आहे. तिथे तीन पायऱ्या येतात, संरंभ, समारंभ आणि आरंभ. संरंभ म्हणजे करायचं मनाशी ठरवणं. समारंभ म्हणजे त्यासाठी साधनांची जुळवाजुळव. आरंभ म्हणजे प्रत्यक्ष हात घालणं. लग्न-मुंजीला आपण जो समारंभ म्हणतो, तोच शब्द शास्त्रात असा तयारीच्या अर्थाने आहे. या तिन्ही पायऱ्या मनाने, वाणीने आणि शरीराने होतात. स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून आणि करणाऱ्याला ‘बरं केलंस’ म्हणून होतात. आणि क्रोध, मान, माया, लोभ या चारांपैकी कशाच्या तरी पोटी होतात. तीन गुणिले तीन, गुणिले तीन, गुणिले चार. एकशे आठ. जपमाळेत एकशे आठ मणी का, याचं एक उत्तर आपल्याकडे हेच सांगतात.

आता हा हिशोब धनुष्याच्या शिकारीला लावून बघा. त्या शिकारीत बाण सुटतो तो क्षणभराचा आरंभ. बाकीचे सगळे महिने समारंभाचे. दोरीला मेण लावणं, पात्याला धार काढणं, कॅमेरा बांधणं, वारा बघणं, यातल्या कशानेही कोणी मेलेलं नाही. तरी प्रत्येक कामात मन त्या मारण्याकडेच लागलेलं आहे. आपल्या शास्त्राप्रमाणे खातं बाण सुटल्यावर उघडत नाही. ते आधीच उघडलेलं असतं, आणि हंगाम संपून शिकारी रिकाम्या हाताने परत आला तरी कोरं राहत नाही.

सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथात याच अर्थाचा एक दाखला आहे. दिवसभर जाळं टाकून एकही मासा न सापडलेला कोळी आणि नांगरताना मातीतले कितीतरी जीव मरतात तो शेतकरी, या दोघांची तुलना त्यांनी केली आहे. मारण्याचा हेतू धरून बसलेला कोळी न मारताही पापी ठरतो, आणि धान्य पिकवण्याचा हेतू असलेला शेतकरी जीव मरूनही तसा ठरत नाही. शेतीवर जगणाऱ्या आपल्या भागातल्या जैनांना हा दाखला केवढा धीर देणारा आहे! पण तोच दाखला पट्टीच्या वेळी आपल्याला पेचातही टाकतो.

आता पाळतीचं आणि वर्गणीचं. श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. हिंसादान म्हणजे मारण्याची साधनं दुसऱ्याला पुरवणं. आणि पापोपदेशाची फोड करताना अकलंकदेवांनी राजवार्तिकात जे उदाहरण दिलं आहे, ते वाचून मी चमकलेच. जाळी लावणाऱ्याला, डुकरं मारणाऱ्याला, पाखरं धरणाऱ्याला ‘अमक्या ठिकाणी हरणं आहेत, डुकरं आहेत, पाखरं आहेत’ असं सांगणं, याला त्यांनी स्पष्ट नाव देऊन दोष म्हटलं आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या आचार्यांना दुर्बीण आणि कॅमेरा माहीत नव्हता. पण पाळत माहीत होती.

तेव्हा भाच्याला मी एवढंच म्हटलं, ‘डोंगर बघायला जरूर जा, कळप बघ, डोळे भरून बघ. पण कुठे दिसला ते त्यांना सांगायचं असेल, तर जाऊ नकोस.’ आणि वर्गणीचं उत्तरही त्यातच आलं. बंदूक दुसऱ्याची असली आणि काडतुसाचे पैसे आपले असले, तरी ते हिंसादानच.

भाच्याने तिकडची बाजूही मांडली, ती इथे सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत एल्क लाखाच्याही आत उरले होते. आज ते दहा लाखांच्या आसपास आहेत. तिथे १९३७ मध्ये एक कायदा झाला, त्याने शिकारीच्या साधनांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पुढे धनुष्यबाणांवरही असा कर आला. शिकाऱ्यांच्या पैशातून कुरणं राखली गेली, हे खरं आहे. आणि जो माणूस स्वतः माग काढून, स्वतः मारून, स्वतः वाहून आणून वर्षभर ते मांस खातो, तो दुकानातून पाकीटबंद मांस आणणाऱ्यापेक्षा निदान स्वतःपासून काही लपवत नाही, हेही मी मान्य करते. पण यातून एवढंच सिद्ध होतं की रान राखायला पैसा आणि माया लागते. तो पैसा मारण्याच्या हौशीतूनच यावा, हे सिद्ध होत नाही. ज्याला जनावराची वाट, वारा, झोप, भूक एवढी कळली, त्याच्या मनात शेवटी त्याला जगू द्यावं असं का येऊ नये?

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना घेऊन हौसेची शिकार करण्याचा रस्ता बंद झाला. पिकाचं नुकसान करणारं रोही किंवा रानडुक्कर मारायचं असेल, तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. या कायद्यातली शिकारीची व्याख्या मला फार विचार करण्यासारखी वाटते. नुसतं ठार मारणं म्हणजे शिकार नाही. विष घालणं, फास लावणं, सापळा मांडणं, हाका घालणं, आमिष ठेवणं, आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. समारंभाची पायरी इथे सरकारी कागदावरही मोजलेली आहे.

शिकार म्हटलं की आपल्या बायकांच्या बोलण्यात लगेच फासेपारध्यांचं नाव येतं. म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द. फासे लावून तितर, हरणं धरायची त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. पाळलेल्या गाईच्या आडोशाने ते सावजाजवळ जात, तितराचा हुबेहूब आवाज काढत, गवताच्या एका मोडलेल्या काडीवरून काय गेलं ते सांगत. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या जोरावर पुढे अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं. तो शिक्का कायद्यातून १९५२ मध्ये पुसला, लोकांच्या मनातून अजून नाही. भुकेपोटी फास लावणारा आणि हौसेपोटी हजारो डॉलरचं धनुष्य घेणारा, यांना एका मापाने मोजू नये. मध्य प्रदेशात पन्नाच्या व्याघ्र प्रकल्पात पारधी तरुण आता पर्यटकांना रानवाटा दाखवतात. तीच नजर, तीच पाळत, फक्त शेवट बदलला. आपल्या भागातही राखणीसाठी मानाने, रोख मजुरी देऊन त्यांची ही विद्या घेता येईल. अमुक कळप कोणत्या नाल्याने येतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

आता खरा अवघड प्रश्न. शेतकऱ्याने काय करायचं?

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात. स्वयंपाक-झाडलोटीत होते ती आरंभी, शेती-व्यापारात होते ती उद्योगी, स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या रक्षणात होते ती विरोधी, आणि मारायचंच ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाकडून पहिल्या तिन्ही पूर्ण सुटत नाहीत हे शास्त्राला ठाऊक आहे. संकल्पी मात्र सोडलीच पाहिजे. मला असं वाटतं की अंगावर धावून आलेल्या डुकरावर काठी उचलणं हे विरोधी हिंसेत बसेल. पण ते दुपारी उसात कुठे निजतं याची पाळत ठेवून, दिवस ठरवून, पैसे जमवून माणूस बोलावणं, हे त्यात बसत नाही. ते संकल्पाच्या अंगणात गेलं. जाणकारांनी मला वेगळं समजावलं, तर मी ऐकून घेईन.

तरीही जो शेतकरी सगळे उपाय थकल्यावर परवानगी काढतो, त्याला मी शिकारी म्हणणार नाही. ज्याचं वर्षाचं पीक गेलं, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला घरात बसून प्रवचन देण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझं म्हणणं बंदूकवाल्यांच्या मोहिमांबद्दल आहे. २०१६ च्या जून महिन्यात बिहारमधल्या मोकामा भागात सरकारी मंजुरीने दोनशेहून अधिक नीलगाई काही दिवसांत मारल्या गेल्या. त्यासाठी हैदराबादहून नेमबाज आणले होते. त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचं जाहीर भांडण झालं. आपल्या शिवारात तसं काही होऊ नये असं वाटत असेल, तर आधी आपण काय केलं, हे सांगता आलं पाहिजे.

इथेच आपल्या जैन घरांना मला थोडं कडू बोलायचं आहे. आपल्यातल्या अनेकांची शेती बटईने दिलेली असते. आपण गावात दुकान चालवतो किंवा वसमत-परभणीला राहतो. शेतावर बटईदार असतो, नाहीतर सालगडी. रात्री जागतो तो. रानडुकराच्या समोर उभा राहतो तो. सापावर पाय पडायची भीती त्याला. पीक गेलं तर अर्ध्या वाट्यावर जगणाऱ्याचा अर्धा वाटा जातो, त्याला दुकानाचा आधार नसतो. पंचनामा होऊन नुकसानभरपाई आलीच, तर ती सातबाऱ्यावरच्या नावाने येते. म्हणजे आपल्या खात्यात. मग सांगा, ‘आम्ही जैन आहोत, मारू देणार नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या अहिंसेची किंमत कोण मोजतं? दुसऱ्याच्या ताटातली भाकरी देऊन केलेलं दान आपल्या नावावर कसं चढेल?

म्हणून माझं म्हणणं असं. जो पट्टी नाकारेल, त्याने राखणीला पट्टीपेक्षा जास्त दिलं पाहिजे. शिकारीला जेवढी तयारी लागते, तेवढीच राखणीलाही लागते. साधनं लागतात आणि पाळतही लागते. फरक शेवटाचा.

साधनांचं बोलायचं तर पहिलं साधन आपल्याच घरात आहे. जुन्या साड्या. शेताच्या चारी बाजूंनी खुंट्या ठोकून साड्या बांधलेल्या तुम्ही रस्त्याने जाताना पाहिल्या असतील. वाऱ्याने हलणाऱ्या रंगीत कापडाला जनावर बिचकतं, आणि साडीला माणसाचा वासही असतो. काही दिवसांनी ते सरावतं, म्हणून साड्यांची जागा आणि रंग बदलत राहावे लागतात. बोहारणीला भांड्यावर साडी द्यायच्या आधी एकदा आपल्या बटईदाराच्या बायकोला विचारावं.

दुसरं, सौर ऊर्जेवरचं झटका मशीन. बॅटरीतून तारेत थांबून थांबून झटका जातो. जनावर दचकतं, पळतं, मरत नाही. हे बसवायला पैसे लागतात, आणि ते मालकाने घालायला हवेत, बटईदाराच्या वाट्यातून कापायला नकोत. पण वर्गणी वाचली म्हणून खांबावरची लाईन थेट तारेत सोडणं, हा भयंकर प्रकार आहे. त्यात डुक्कर मरतं, रोही मरतं, शेजाऱ्याचा बैल मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूसही मरतो. तसंच कणकेत स्फोटक घालून ठेवणं. जबडा फुटलेलं जनावर दिवसेंदिवस तडफडत फिरतं. आपल्या शेतात यातलं काही होत नाही ना, हे मालकाने स्वतः जाऊन बघावं. ‘मला माहीत नव्हतं’ ही पळवाट फार जुनी आहे.

तिसरं, पाळत. होय, पाळत आपणही ठेवू. रोही पुष्कळदा ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात, त्यावरून त्यांची वाट कळते. डुकरं ओल्या जागी लोळतात, जमीन उकरतात, एकाच बाजूने धुरा ओलांडतात. ती बाजू हेरून तिथे राखण पक्की केली, तर अख्खं शेत रात्रभर फिरावं लागत नाही. आणि शेजारच्या चार-पाच शेतांनी मिळून पाळीपाळीने जागल केली, तर प्रत्येकाला आठवड्यातून एक-दोन रात्रीच येतात. एकट्याने केली, तर कळप फक्त शेजारच्या वावरात जातो.

चौथं, कागद. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढायचे, वनखात्याकडे लेखी तक्रार द्यायची, पंचनाम्याच्या मागे लागायचं. बटईदाराला कचेऱ्यांचे खेटे घालायला वेळ नसतो, आपल्याला असतो. आणि भरपाई आली की तिचे वाटे पिकाच्या वाट्यासारखेच करायचे. हे कुठल्या कायद्यात लिहिलं नसलं, तरी आपल्या पाचव्या अणुव्रतात, परिग्रह-परिमाणात, ते नक्की बसतं.

हे सगळं पुरुषांनी करायचं काम आहे, असं कोणाला वाटेल. त्यांना मी पुरुरवा भिल्लाची गोष्ट आठवून देते. उत्तरपुराणात भगवान महावीरांच्या जीवाची भवावली तिथून सुरू होते. पुरुरवा वनात शिकारीला निघालेला. दूर झाडीत त्याला काही हललेलं दिसलं. हरीण समजून त्याने बाण लावला, दोरी ओढली. ते होते सागरसेन मुनी, वाट चुकलेले. त्याच्या बायकोने, कालिकेने, त्याचा हात धरला. म्हणाली, ते हरीण नाही, हे तर वनदेव फिरताहेत. बाण उतरला. दोघं मुनींजवळ गेली आणि पुरुरव्याने मद्य, मांस, मधाचा त्याग केला. चोवीसाव्या तीर्थंकरांच्या वाटचालीतला तो पहिला टप्पा. त्या वेळी शास्त्र कोणाला ठाऊक नव्हतं, ना पुरुरव्याला, ना कालिकेला. तिने फक्त नीट बघितलं आणि वेळेवर हात धरला.

नेमिनाथांचंही तसंच आहे. वरात निघालेली, मांडव सजलेला, आणि वाटेत वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू आला. अजून एकही पशू मारलेला नव्हता. होती ती फक्त तयारी. तेवढ्यावरून ते रथ फिरवून गिरनारला गेले. आपण दर वर्षी त्यांचं मोक्षकल्याणक करतो, निर्वाणलाडू चढवतो. तेव्हा हे लक्षात असू द्यावं की ते समारंभाच्या पायरीवरून परतले, आरंभाची वाट पाहत बसले नाहीत.

आमच्या जिल्ह्यातल्या शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला आपण सगळ्या जणी जातोच. या वर्षी तिथे जमलो की मला मंडळातल्या बायकांपुढे एवढंच मांडायचं आहे. ज्या घरांची शेती बटईला आहे, त्या प्रत्येक घराने पुढच्या हरभऱ्याच्या आत आपल्या शेताची राखण कोण करतं, कशाने करतं आणि त्याला त्याचं काय मिळतं, हे विचारून यावं. झटका मशीनसाठी दोन-तीन घरांनी मिळून पैसे काढावेत. साड्यांचं गाठोडं आजच बांधायला घ्यावं. आणि पट्टी मागायला कोणी आलं, तर ‘मारायला देणार नाही’ असं म्हणून तिथेच ‘राखायला एवढे देते’ असंही म्हणावं, आणि ते लगेच द्यावं.

तुमच्या गावात रोही-डुकरांची राखण कशी करतात, साड्यांशिवाय काय उपयोगी पडलं, ते जरूर सांगा. आमच्याकडे हरभऱ्याचे अजून तीन-चार आठवडे जागायचे आहेत.

जय जिनेंद्र!